मागाहून येणारे दान

मराठी शिकविणाऱ्या माणसाला एक खोड जडते. कोणताही कागद हाती आला की मजकुराआधी तो त्यातले शब्द वाचू लागतो. लग्नपत्रिका असो, विजेचे बिल असो, नाही तर औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी असो. त्यातला एखादा शब्द त्याला अडवतो आणि बाकीचा कागद तसाच बाजूला राहतो. “बाबांच्या हाती लॉटरीचं तिकीट दिलं तर ते आधी ‘सोडत’ शब्दाची फोड करत बसतील,” असे आमची कन्या म्हणते, आणि ती फारसे खोटे बोलत नाही.

असाच एक शब्द 2025 च्या दिवाळीच्या सुमारास माझ्या वाटेत आडवा आला. शब्द अगदी रोजच्यातला आहे: अनुदान. वर्तमानपत्रात तो दहादा भेटतो. आम्हां प्राध्यापक मंडळींच्या तर तो विशेष जिव्हाळ्याचा. कारण आमचा पगार ‘अनुदानित’ या शब्दावरच उभा असतो. पण त्या दिवसांत मला त्यातला ‘अनु’ खुपू लागला. अनुज म्हणजे मागून जन्मलेला, अनुयायी म्हणजे मागून चालणारा. मग अनुदान म्हणजे मागाहून येणारे दान, असे कुणी म्हटले तर? व्याकरणाचे जाणकार माझा कान धरतील, आणि त्यांनी तो धरावाही. परंतु माझ्या थोरल्या बहिणीच्या गोठ्यात त्या वर्षी जे घडले ते पाहिल्यापासून मला या शब्दाचा दुसरा अर्थ सुचेनासा झाला आहे.

ही माझी बहीण, म्हणजे आमची अक्का, अंकुशनगरजवळच्या एका लहानशा गावात दिली आहे. छत्रपती संभाजीनगरहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, पाचोड आणि वडीगोद्री मागे पडले, की दोन्ही अंगांना ऊस दाट होऊ लागतो आणि साखर कारखान्याचे धुराडे दिसते. हेच अंकुशनगर. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, महाकाळा या जुन्या गावाच्या शेजारी, सहकारी कारखान्याभोवती वसलेली ही वस्ती. ज्या अंकुशराव टोपे यांनी कारखाना उभा केला त्यांचेच नाव तिला मिळाले. थोडे पुढे गेले की शहागडचा पूल, पुलाखाली गोदावरी, आणि पलीकडे बीड जिल्हा.

मराठवाडा म्हटला की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आणि पाण्याचा टँकर उभा राहतो. ते चित्र खोटे नाही. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली, आणि 2019 साली जनावरांच्या छावण्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. परंतु जायकवाडीच्या डाव्या कालव्याने आणि गोदावरीने या पट्टीला ऊस दिला, उसाने वाढे दिले, आणि वाढ्यांवर गाई-म्हशी पोसल्या गेल्या. कोरडवाहू शेतकऱ्याचे दैव वर्षातून एकदा फळते किंवा फसते. दूध घालणाऱ्याच्या घरी मात्र दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल येते. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, एस.टी.चा पास, म्हातारीची रक्तदाबाची गोळी हे सारे त्या दहा दिवसांच्या बिलावर चालते. अक्काचा संसार असाच एका म्हशीच्या आचळांवर तोलून धरलेला होता. कापूस आणि सोयाबीन हे दाजींचे खाते. पण तो पैसा येण्याआधीच त्याला देणेकऱ्यांचे पाय फुटलेले असत.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. आधीच जमीन भिजून फुगलेली. वर पुन्हा पाऊस. जायकवाडीचे दरवाजे उघडलेले. आणि गोदेला मिळणारे ओढे नदीत पाणी शिरेना म्हणून उलटे फिरलेले. दाजींचा आखाडा अशाच एका ओढ्याच्या काठी. शहरी वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. शेतातली जनावरे बांधायची, कडबा रचायची आणि राखणीला झोपायची जागा म्हणजे आखाडा.

मध्यरात्री दाजींना जाग आली ती बाजेखाली पाणी लागल्यामुळे. दावणीला दोन बैल, एक म्हैस आणि तिचीच अडीच वर्षांची वगार. म्हैस ही पाण्याची लेक. मोकळी असली तर ती सहसा बुडत नाही. बुडते ती दाव्यामुळे. म्हणूनच पुराचा इशारा आला की जनावरे सोडून द्या असे सांगतात. पण भिजलेल्या दाव्याची गाठ अंधारात सुटत नाही. दाजींनी विळ्याने दावी कापली. एक बैल आणि वगार पांदीने वर गेली. दुसरा बैल आणि म्हैस पाण्याच्या ओढीला लागली. सकाळी म्हैस सापडली ती दोन शेते ओलांडून, उसाच्या फडात, तारेच्या कुंपणात अडकलेली. बैल सापडला नाही.

मी पोहोचलो तिसऱ्या दिवशी. घरात कुणी रडत नव्हते. दाजी ओसरीवर बसून कापलेल्या दाव्यांचे तुकडे एकमेकांना गाठवीत होते. “काय करावं मास्तर,” ते म्हणाले, “हात रिकामे ऱ्हायले की डोस्कं चालतं.”

आता मला जे सांगायचे आहे ते त्या आठवड्यात माझ्या ध्यानात आले. अशा वेळी एका घरात तीन निरनिराळी घड्याळे चालत असतात आणि त्यांतले एकही दुसऱ्याशी जुळत नाही.

पहिले घड्याळ मेलेल्या जनावराचे. ते सर्वांत वेगाने धावते. ऊन पडले की दुसऱ्या दिवशी कलेवर फुगते, तिसऱ्या दिवशी घाण सुटते, आणि जवळ विहीर असली तर साऱ्या गावाच्या पोटात गोळा उठतो. खड्डा खणून, चुना आणि मीठ टाकून ते पुरणे हाच शहाणपणा. परंतु पुरण्याआधी ते कुणीतरी पाहिले पाहिजे. जनावरांच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केले पाहिजे, तलाठ्याने पंचनामा केला पाहिजे, पंचांनी सह्या केल्या पाहिजेत. म्हणजे एकीकडे पुरण्याची घाई आणि दुसरीकडे पुरावा ठेवण्याची गरज. ‘पुरणे’ आणि ‘पुरावा’ हे दोन शब्द इतके शेजारी राहतात, पण त्यांचे भांडण मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

दुसरे घड्याळ कागदाचे. ते सावकाश चालते, आणि ते तसे चालण्याला कारणेही आहेत. त्यांना हसून उपयोग नाही. तलाठ्याकडे एकच गाव नसते. रस्ते पाण्याखाली, पूल बंद, पिके झोपलेली, घरांच्या भिंती खचलेल्या. आणि प्रत्येकाला वाटते की आधी माझ्याकडे यावे. आमच्या गावात आलेले तलाठी गुडघ्यापर्यंत चिखलात होते आणि दुपारचे त्यांचे जेवण अक्काच्या घरी संध्याकाळी झाले. शिवाय सरकारी पैसा म्हणजे साऱ्यांचा पैसा. तो पुरावा न पाहता वाटला तर कागदावरच्या म्हशी खऱ्या म्हशींपेक्षा जास्त मरू लागतील. 2019 च्या छावण्यांत जनावरांची हजेरी बारकोड लावून घ्यावी लागली, ती काय उगीच? पुढे 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला सक्तीचा झाला. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, आणि आपत्तीत जनावर मेले तर बिल्ल्याशिवाय मदतही नाही.

नियम वाईट नाही. अडचण एवढीच की बिल्ला कानात असतो, कान बैलाला असतो, आणि बैल गोदावरीने नेलेला असतो.

या पेचातून आम्हांला सोडवले ते पोळ्याने. त्या वर्षी पोळ्याला माझ्या भाच्याने बैलांची शिंगे रंगवून, झुली घालून मोबाइलवर त्यांचे फोटो काढले होते. हेतू एवढाच, की मित्रांनी पाहावेत. त्यातल्या एका फोटोत वाहून गेलेला बैल मान वळवून उभा होता, आणि बाशिंगाच्या गोंड्याखाली पिवळा बिल्ला दिसत होता. भाच्याने तो फोटो बोटांनी मोठा केला. बारापैकी अकरा आकडे स्पष्ट वाचता आले; बारावा डॉक्टरांच्या नोंदीशी ताडून मिळाला. त्यावर तलाठ्यांनी शेजाऱ्यांचे जबाब घेतले आणि पुरात वाहून गेल्याची नोंद केली. सणाला हौसेने काढलेले चित्र अशा कामी यावे, याचे आम्हांला बरेही वाटले आणि वाईटही वाटले.

अर्ज लिहायला अर्थातच मला बसवले. मी रकाने वाचू लागलो आणि माझी खोड उफाळून आली. आपल्या भाषेत जनावरांचे केवढे शब्द! अक्का सहज बोलता बोलता म्हणते: पहिलारू, दुसऱ्या वेताची, गाभण, भाकड, कालवड, गोऱ्हा, खोंड, वगार, रेडकू. यातल्या प्रत्येक शब्दात जनावराचे वय आहे, लिंग आहे, आणि मुख्य म्हणजे पुढची आशा आहे. कालवड म्हणजे उद्याचे दूध. गोऱ्हा म्हणजे उद्याचा नांगर. भाकड म्हणजे आज नाही, पण पुढल्या वेताला नक्की. सरकारी तक्त्यात मात्र मोजून चार-पाच खाने. 2022 साली सुधारलेल्या आणि 2025 च्या पुरात लागू असलेल्या दरांप्रमाणे दुधाळ गाय किंवा म्हैस असेल तर 37,500 रुपये, ओढकाम करणारा बैल असेल तर 32,000, वासराला 20,000, शेळी-मेंढीला 4,000, कोंबडीला 100. एका कुटुंबाला तीनच मोठ्या जनावरांपर्यंत मदत मिळे, ती मर्यादा 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने जाहीर केलेल्या 31,628 कोटींच्या मोठ्या पॅकेजमध्ये काढून टाकण्यात आली. ते चांगलेच झाले. नाही तर ज्याची चौथी गाय वाहून गेली त्याने ती कुणाच्या नावावर रडायची?

तक्त्याला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. साऱ्या देशासाठी तक्ता करायचा तर खाने थोडेच असणार. आणि दर पूर्वीपेक्षा वाढलेलेच आहेत. 2022 च्या पावसाळ्यात लंपीची साथ आली, गाईबैलांच्या अंगावर गाठी उठून जनावरे दगावू लागली, तेव्हा मृत गाईसाठी 30,000, बैलासाठी 25,000 आणि वासरासाठी 16,000 असा हिशेब होता. त्या मानाने हे बरे. तरीही अक्काने ती म्हैस तीन वर्षांपूर्वी 80,000 ला घेतली होती, हे मला ठाऊक होते. तेव्हा मी सहज म्हणालो, “भरपाई निम्मीसुद्धा नाही, अक्का.”

दाजींनी मला दुरुस्त केले. “भरपाई नाही मास्तर. तलाठी आप्पा म्हणले, मदत हाये. भरपाई म्हणलं की भरून द्यावं लागतं.”

दाजी चौथीपर्यंत शिकले आहेत. पण शब्दांतला हा फरक त्यांना वर्गात शिकवावा लागला नाही. लोक म्हणतात भरपाई. सरकार म्हणते मदत. खड्डा पडला तर तो काठोकाठ बुजवणे म्हणजे भरपाई. खड्ड्यात पडलेल्याला हात देणे म्हणजे मदत. हात देणाऱ्याकडून कुणी खड्डा बुजवून मागत नाही. पण हात देण्याला एक अट असते. माणूस खड्ड्यात आहे तोवर तो द्यावा लागतो.

आता तिसरे घड्याळ. हे दुधाच्या बिलाचे. म्हैस दिवसाला सात लिटर दूध डेअरीला घाली. लिटरला पन्नास रुपये धरले तर दिवसाचे 350. मी अर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर सहज भागाकार केला: 37,500 भागिले 350. उत्तर आले 107. म्हणजे सरकारची मदत ही म्हशीची किंमत नव्हेच. ती म्हशीचे 107 दिवसांचे दूध आहे. पेंड आणि चारा वजा केला तर दिवस आणखी वाढतील, पण गोष्ट तीच राहते. हे पैसे दहा दिवसांत आले तर घराला तीन महिन्यांचा श्वास मिळतो. त्या तीन महिन्यांत माणूस दुसरी म्हैस पाहतो, कर्जाची सोय करतो, उरलेले जनावर सांभाळतो. तेच पैसे चार महिन्यांनी आले, तर ते येण्याआधीच खर्च झालेले असतात. नोटा त्याच, त्यांवरचे आकडे तेच. पण मधल्या काळात त्यांचे काम बदललेले असते. आधी आल्या तर त्यांची म्हैस होते, उशिरा आल्या तर त्यांनी वाण्याची उधारी फिटते.

या तीन घड्याळांच्या मध्ये जी फट राहते, तिच्यात दलाल येतो. अक्काकडे तो पाचव्या दिवशी आला. स्वच्छ पांढरे कपडे, बोलणे अतिशय गोड. त्याने आधी म्हशीबद्दल हळहळ व्यक्त केली आणि मग वगारीच्या पाठीवरून हात फिरवला. वगार पाच महिन्यांची गाभण होती. तो म्हणाला, “आई गेली तिची, आता चारा कुठून आणता? वाढे बी यंदा महाग. बत्तीस हजार घ्या, मोकळे व्हा.” दाजी गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे अर्धा होकार असतो, हे दलालाला ठाऊक होते, आणि अक्कालाही.

अक्का आतून आली. पदर खोचलेला, हात पिठाचे. “ईस हजारानं मह्या घरची चूल तीन महिने चालती,” ती म्हणाली. “ते मी बचत गटातून आणते. वगार दावणीलाच ऱ्हाईल.”

दुसऱ्या दिवशी तिने महिलांच्या बचत गटातून शेकडा दोन रुपये महिना दराने वीस हजार उचलले. म्हशीचे अनुदान बँकेत जमा झाले ते दिवाळी उलटून गेल्यावर, दोन महिन्यांनी. बैलाचे त्यानंतर आणखी बऱ्याच दिवसांनी. अक्काने गटाचे पैसे फेडले. व्याज पडले 800 रुपये. एका अर्थी उशिराची किंमत तिच्यापुरती 800 रुपयांत मिटली.

पण साऱ्यांचीच ती तेवढ्यावर मिटली नाही. अक्काच्या घरामागे एक विधवा बाई राहते. तिच्या पाच शेळ्या. शेळी म्हणजे गरिबाची गाय. म्हशीला लागते ती पेंड आणि वैरण तिला लागत नाही, बांधावरच्या पाल्यावर ती निभावते आणि अडचणीच्या दिवशी बाजारात उभी करता येते. पुरात तिच्या दोन शेळ्या गेल्या. पंचनामा झाला, अर्ज झाला, नावही यादीत आले. पण ती कुठल्या बचत गटात नव्हती. महिनाभर वाट पाहून तिने उरलेल्या तीन शेळ्या बाजारात नेल्या आणि मिळेल त्या भावाला विकल्या. कारण गरजू माणूस बाजारात उभा आहे हे गिऱ्हाइकाला लांबूनच कळते. पुढे तिच्या खात्यात 8,000 रुपये आले. कागदावर सारे बरोबर आहे: दोन शेळ्या मेल्या, दोन शेळ्यांची मदत पोहोचली. तिच्या अंगणात मात्र पाच खुंट्या रिकाम्या आहेत. पुराने दोनच नेल्या. तीन वाट पाहण्यात गेल्या. त्या तिघींचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

वाटेल की हा आजच्या कारभाराचा रोग आहे. मला तसे वाटत नाही. हा प्रश्न राज्य नावाच्या वस्तूइतकाच जुना आहे. मराठीच्या वर्गात आम्ही शिवकालीन पत्रे शिकवतो. 1676 च्या सप्टेंबरात शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले पत्र त्यांत मानाने वाचले जाते. वर्ग घेताना मी त्या पत्रातली भाषा समजावून सांगत असे: फारशी शब्द किती, क्रियापदे कशी. पुरानंतर ते पुन्हा वाचले तेव्हा माझे लक्ष दुसरीकडेच गेले. महाराजांचे सांगणे असे, की गावोगाव फिरून पाहावे. ज्याच्या अंगी शेत कसण्याचे बळ आहे पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी पैसा आणि पोटाला धान्य द्यावे. आणि पुढे त्याला ताकद येईल तसतसे, व्याज न लावता, मुद्दल तेवढे परत घ्यावे. इथे रयतेने कचेरीत यायचे नाही. सुभेदाराने गावात जायचे. आणि विचारायचे ते ‘काय मेले?’ असे नव्हे, तर ‘काय उभे राहू शकते?’ असे. पुढे इंग्रजी अमलात 1884 च्या कायद्याने शेतकऱ्याला बैल-बियाण्यांसाठी तगाई मिळू लागली. तगाई कर्जच होती, फेडावी लागे; पण तिच्याही मुळाशी हीच जाणीव होती की बैल पेरणीच्या आधी हवा. पेरणी झाल्यावर आलेला बैल हा केवळ खाणारे एक तोंड होय.

तीन-साडेतीनशे वर्षांत आपण पुष्कळ पुढे आलो. आज मदत कर्जाऊ नाही, फेडायची नाही. ती सुभेदाराच्या मर्जीवर नाही. तिला नियम आहे, दर आहे, आणि पैसा मधल्या हातांना न शिवता थेट खात्यात पडतो. हे लहान यश नव्हे. मग आणखी काय हवे? मला एवढेच सुचते, की पंचनाम्याच्या दिवशीच मदतीतला थोडा भाग हाती पडावा आणि उरलेला सावकाश, साऱ्या तपासण्या होऊन यावा. विधवा बाईला त्या आठवड्यात दोन हजार मिळाले असते तर तिच्या तीन शेळ्या आज बांधावर चरत असत्या. त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जास्त जाणार नव्हता.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, वसुबारसेच्या सणात हे मेलेल्या म्हशींचे आख्यान कशाला? पण वसुबारस हाच मुळी दिवाळीचा पहिला दिवस, आणि तो गाय-वासराचा. शहरातल्या आपल्या सदनिकांत गाय येत नाही. आपण पाटावर तांदळाची गाय-वासरे काढतो, नाही तर बाजारातून पितळेची आणतो, आणि हळदीकुंकू वाहतो. त्यात वाईट काही नाही. सकाळी दाराशी जी दुधाची पिशवी येते ती कुठल्यातरी दावणीवरून येते, आणि आपत्तीच्या मदतनिधीत राज्याचा एक रुपया पडला तर केंद्राचे तीन पडतात. हे चारही रुपये तुमच्या-माझ्या खिशातूनच गेलेले असतात. म्हणजे अक्काची दावण आणि आपला चहा ही दोन टोके दोरीने बांधलेलीच आहेत. दिवाळीत त्या दोरीला एकदा हात लावून पाहिला तर बिघडले कुठे?

वगार फाल्गुनात व्याली आणि तिला वगारच झाली. अक्काने कुणाच्या तरी हाती खरवसाचा डबा पाठवला. तो पोचल्याचे सांगायला मी फोन केला, आणि बोलता बोलता माझी ती व्युत्पत्तीही तिला ऐकवली: अनुदान म्हणजे मागाहून येणारे दान. मला वाटले, ती हसेल.

ती हसली नाही. म्हणाली, “दान कशाचं रे भाऊ? आम्ही बी काडीपेटीपासून डिझेलपस्तोर कर भरतोच की. दान नगं म्हणू. उसनं म्हण.”

मी थोडा वेळ गप्प राहिलो. खरेच, किती नेमका शब्द! शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहते. आपण तिला साखर देतो, पीठ देतो, विरजण देतो. ती ते परत करील हे आपल्याला ठाऊक असते, आणि उद्या आपणही तिच्या दारात वाटी घेऊन उभे असू हेही ठाऊक असते. त्यात उपकार नाही की भीक नाही. आणि आणखी एक गोष्ट: उसने मागायला आलेल्या बाईला अजून तरी कुठल्या घराने “दिवाळी झाल्यावर ये” असे सांगितलेले मी ऐकलेले नाही. तिची चूल पेटलेली असते. वाटी तेव्हाच भरून द्यावी लागते.